आत काय आहे?

कंटेनरची दोन्ही दारं एकदम उघडत नाहीत. आधी उजवं उघडतं, मग डावं. सील कापायचं, दांड्या फिरवायच्या, दार जेमतेम वीतभर ओढायचं आणि दाराच्याच आडोशाला उभं राहायचं. उघड्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. समुद्रात तीन-चार आठवडे हेलकावे खाल्लेला माल बहुतेक वेळा दारालाच टेकलेला असतो. गोणी असेल तर छातीवर येते, ड्रम असेल तर पायावर. आत गॅस कोंडलेला असेल तर त्याचा पहिला लोट दारातूनच बाहेर पडतो. म्हणून उजवं दार उघडल्यावर थांबायचं. मग डावं उघडायचं आणि पुन्हा थांबायचं.

उरण तालुक्यात, न्हावा शेवा बंदराच्या मागे पसरलेल्या कंटेनर फ्रेट स्टेशनांमध्ये, म्हणजे बंदरातून आलेले कंटेनर जिथे ठेवतात आणि उघडतात त्या यार्डांमध्ये, माझी उमेदीची वर्षं गेली. काम सुरक्षा अधिकाऱ्याचं. त्या सगळ्या वर्षांत माणसांना शिकवायला सगळ्यात कठीण काय गेलं असेल, तर ते हे थांबणं. हेल्मेट घालतात, बूट घालतात, रिफ्लेक्टरचं जाकीटही घालतात. थांबत मात्र नाहीत. कारण मजुरी कंटेनरमागे ठरलेली असते. बाहेर ट्रेलरवाला हॉर्न मारत असतो, आणि पत्र्याच्या त्या शेडमध्ये मे महिन्यात उभं राहणं हेही कामाइतकंच दमवणारं असतं. थांबलेल्या वेळेचे पैसे कुणीच देत नाही, ना मालवाला, ना ठेकेदार.

बंदरावरच्या धोक्यांबद्दल बोलायचं तर खूप बोलता येईल. लटकत्या मालाखालून जाणारा माणूस, कंटेनर उचलणाऱ्या रीच स्टॅकरच्या मागच्या चाकाजवळ ड्रायव्हरला न दिसणारी जागा, जहाजावर कंटेनर जखडणारे लॅशिंगचे लोखंडी रॉड सोडवताना उंचावरून सुटणारा ट्विस्ट लॉक, म्हणजे कंटेनर एकमेकांना जोडणारा लोखंडी खटका, पन्नास किलोच्या गोण्यांनी चाळिशीतच वाकलेली पाठ. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच सांगून ठेवलंय की प्रौढ पुरुषाने हाताने उचलायचं ओझं ५५ किलोपेक्षा जास्त नसावं. त्यानंतरही कित्येक वर्षं शंभर किलोच्या गोण्या पाठीवर वाहिल्या गेल्याच. हे सगळे धोके खरे आहेत, पण ते डोळ्यांना दिसतात. क्रेन दिसते, ट्रेलर दिसतो, गोणीचं वजन खांद्याला कळतं. माझी झोप उडवत आले ते न दिसणारे धोके. उघडणाऱ्याला आत काय आहे हे माहीत नसणं, हा बंदरातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोठा धोका आहे, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईच्या जुन्या गोदीत काम केलेली माणसं अजून वडाळ्याला, शिवडीला भेटतात. त्यांच्याशी बोललं की एक गोष्ट लक्षात येते. सुटा माल होता तेव्हा कामगाराची मालाशी ओळख होती. गोणीला हात लावला की साखर की गंधक हे त्यांना कळे. ड्रम हलवून बघितला की आतलं पातळ आहे की घट्ट याचा अंदाज येई. हुक कुठे मारायचा आणि कुठे मारायचा नाही, हे टोळीतला म्हातारा नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगे. गंधकाचं जहाज लागलं की डोळे आठवडाभर चुरचुरत, हे ठाऊक असल्यामुळे तोंडाला ओला पंचा बांधूनच माणसं उतरत. तो इलाज पुरेसा नव्हता, पण निदान कशापासून जपायचं हे माहीत होतं.

२६ मे १९८९ रोजी न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं. मग बघता बघता देशातला कंटेनरचा मोठा व्यवहार इकडे आला. कंटेनरमुळे पाठीवरचं ओझं कमी झालं, चोरी कमी झाली, जहाजाचा धक्क्यावरचा मुक्काम आठवड्यांवरून तासांवर आला. हे सगळं चांगलंच झालं. पण माल लोखंडी भिंतीआड गेला. बाहेरून सगळे कंटेनर सारखेच. एकात खेळणी, एकात कीटकनाशक, एकात तूर. फरक फक्त कागदावर. तो कागद कस्टम ब्रोकरकडे असतो, शिपिंग लाइनकडे असतो, कॉम्प्युटरमध्ये असतो. सील कापणाऱ्या माथाडीच्या हातात तो नसतो.

तुरीचा एक कंटेनर मला कायमचा लक्षात राहिलाय. पूर्व आफ्रिकेतून आलेला. डाळ आणि कडधान्यं जहाजात चढवण्याआधी कीड मारण्यासाठी त्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या पुड्या ठेवतात. हवेतल्या ओलाव्याशी संयोग झाला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. कीड मरते, आणि बंद जागेत माणूसही मरू शकतो. म्हणून असा कंटेनर हा स्वतःच धोकादायक माल मानला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला यूएन ३३५९ असा क्रमांक आहे, आणि दारावर कवटीचं चिन्ह असलेलं स्टिकर लावावं लागतं. त्यावर कोणता वायू वापरला आणि कधी, हेही लिहायचं असतं. या कंटेनरच्या दारावर स्टिकर नव्हतं. नीट पाहिलं तेव्हा गोंदाचा चौकोनी डाग मात्र दिसला. वाटेत कुठल्या तरी पावसात ते निघून गेलं असणार.

टोळी साताऱ्याकडची होती. नवी मुंबईतले बरेच माथाडी पाटण, जावळी, माण या भागांतले. दोन थर गोण्या बाहेर आल्या आणि आतला एक तरुण पोरगा डोकं धरून बसला. उन्हाने असेल म्हणून कुणी तरी त्याला पाणी दिलं. मुकादम आत गेला आणि लगेच मागे फिरला. म्हणाला, “साहेब, ह्यो वास तुरीचा न्हाई. लसूण ठेचल्यागत येतोय.” त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. वायू मोजणारा मीटर आणून धरला तर आकडा चढत गेला. गोण्यांच्या फटीत कापडाच्या लहान पुड्या होत्या, आणि त्यांत राखेसारखी करडी भुकटी. ती संपल्यासारखी दिसली तरी पूर्ण संपलेली नसते, ओल लागली की उरलासुरला वायू सोडते. त्या पोराला उलट्या झाल्या. रात्रभर दवाखान्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तो सुखरूप घरी गेला. फॉस्फिन फुफ्फुसात पाणी करतो आणि त्याचा परिणाम काही तासांनी दिसू शकतो, म्हणून ती रात्र महत्त्वाची होती.

नंतर ऑफिसात विचारणा झाली. फ्युमिगेशनचं, म्हणजे कीड मारायला वायू सोडल्याचं, सर्टिफिकेट होतं का? होतं. रीतसर, सही-शिक्क्यासह फाइलमध्ये. त्यावर वायूचं नाव होतं, मात्रा होती, तारीख होती. ज्यांना त्यात काडीचा रस नाही अशा चार-पाच टेबलांवरून तो कागद फिरून आला होता. ज्याच्या नाकातोंडात वायू जाणार होता त्याच्यापर्यंत मात्र तो पोचलाच नव्हता. चौकशी तिथेच संपली. कागद होता, म्हणजे सगळं ठीक होतं.

हे ‘कागद होता’ मी नंतर फार ठिकाणी वाचलं.

१४ एप्रिल १९४४. दर वर्षी या दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो ज्या स्फोटामुळे, त्याची कथा मुंबईकरांनी ऐकलेली असते. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज १२ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्याच पोटात कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी, लाकूड, तेलाची पिंपं, भंगार आणि सोन्याच्या विटा. स्फोटकं असलेल्या जहाजाने तांबडं निशाण लावायचं असा नियम होता. ते लावलं नव्हतं. युद्धाचे दिवस होते. शांततेच्या काळात असा माल बाहेर समुद्रातच पडावांमध्ये, म्हणजे लहान होड्यांत, उतरवला जायचा, तो सरळ शहराला लागून असलेल्या धक्क्यावर आला. कोणत्या मालावर कोणता माल रचलाय हे कागदांत होतं. कापूस ज्या दोन नंबरच्या फाळक्यात, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कप्प्यात होता, त्याच फाळक्यात स्फोटकं होती, हेही कागदांत होतं.

या हकिगतीतला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग स्फोटाचा नाहीच. तो त्याआधीच्या दुपारचा आहे. साडेबाराच्या सुमारास कामगार जेवायला गेले होते. जवळच्या दुसऱ्या जहाजावरच्या लोकांना ‘फोर्ट स्टिकिन’च्या हवेच्या नळकांड्यातून धुराची बारीक रेघ वर जाताना दिसली. कुणी काही बोललं नाही. बाजूच्या जहाजात काय भरलंय हे त्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं. धूर म्हणजे कापूस धुमसतोय, त्यांची माणसं आहेत, ती बघतील. तांबडं निशाण फडकत असतं तर तीच रेघ बघून तो माणूस धावत सुटला असता, असं मला वाटतं. जेवून परत आलेल्या कामगारांना दीड वाजून गेल्यावर धूर दिसला. मग बंब आले, नळ सुरू झाले, शेकडो टन पाणी फाळक्यात ओतलं गेलं. पाण्यावर कापूस तरंगला आणि जळता जळता वर, स्फोटकांच्या थराकडे चढत गेला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, चार चौतीसला दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मस्जिद बंदर, मांडवीच्या वस्त्या पेटल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण मृत किती, यावर आजही एकमत नाही. गोदीत रोजंदारीवर आलेल्यांची नोंदच कुठे होती?

आता ६६ वर्षं पुढे या. १४ जुलै २०१०. त्याच मुंबई बंदराच्या हद्दीत, शिवडीच्या हाजी बंदरावर एका जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळू लागला. ती सिलिंडरं १९९७ पासून तिथे पडून होती. आयात झाली, कुणी सोडवून नेली नाहीत, बेवारस मालात जमा झाली. तेरा पावसाळे त्यांच्यावर पडले. मुंबईच्या खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं ते कुणालाही विचारा. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड, त्यामुळे तो जमिनीलगत सरपटत पसरतो. शंभरावर माणसांना बाधा झाली. त्यांत कामगार होते, शेजारच्या कॉलेजातली मुलं होती आणि अग्निशमन दलाचे जवानही होते. ही सिलिंडरं बेवारस आहेत हे नोंदवहीत होतंच. नोंदवही कुणी उघडली नाही, एवढंच.

बेरूतचं नाव २०२० साली सगळ्या जगाने ऐकलं. तिथल्या बंदरात १२ नंबरच्या गोदामात सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट २०१४ पासून पडून होतं. त्याबद्दल पत्रं लिहिली गेली होती, एक दोन नव्हे, पुष्कळ. ४ ऑगस्टला त्या गोदामाला आग लागली तेव्हा बेरूत अग्निशमन दलाची दहा जणांची तुकडी विझवायला धावली. त्यांच्यापर्यंत त्या पत्रांतलं काहीही पोचलं नव्हतं. दहाही जण गेले, आणि त्यांच्यासह दोनशेहून जास्त माणसं. त्या स्फोटानंतर आपल्याकडे धावपळ झाली आणि चेन्नईजवळच्या मणलीत, एका कंटेनर फ्रेट स्टेशनात, २०१५ साली जप्त केलेलं सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट अजून पडून आहे हे बाहेर आलं. काही दिवसांत ते हलवलं. बेरूत झालं नसतं तर ते किती वर्षं तिथेच राहिलं असतं, याचा विचार मी त्या वेळी खूप केला, कारण आमच्या यार्डाच्या मागच्या कुंपणालाही न सोडवलेल्या कंटेनरची एक रांग होती. गवत उगवलेली.

चीनमधल्या त्यानजिन बंदरात १२ ऑगस्ट २०१५ च्या रात्री हेच झालं. १७३ माणसं गेली, त्यांतली निम्म्याहून जास्त आग विझवणारी. गोदामात कॅल्शियम कार्बाइड होतं. चोरून आंबे पिकवायला वापरतात तेच. पाणी लागलं की त्यातून ॲसिटिलीन सुटतो आणि पेटतो. पहिल्या तुकडीला हे माहीत नव्हतं. २०२२ च्या जूनमध्ये बांगलादेशात चितगावजवळ सीताकुंड इथल्या कंटेनर डेपोला आग लागली. आत हायड्रोजन पेरॉक्साइडचे कंटेनर होते, आणि आग विझवायला गेलेल्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. चितगावचा तो डेपो आणि माझं कामाचं ठिकाण यांत मला काहीही फरक दिसत नव्हता. तसंच यार्ड, तशाच पत्र्याच्या शेड, तशीच ठेक्यावरची माणसं. ते व्हिडिओ बघताना गेटवरच्या आमच्याच वॉचमनचे चेहरे डोळ्यांसमोर येत होते.

माहिती लपवण्यात पैसा वाचतो, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. धोकादायक माल म्हणून जाहीर केला की भाडं जास्त, जहाजावर जागा ठरावीक, यार्डात वेगळं ठिकाण, वेगळे कागद. म्हणून ब्लीचिंग पावडरचा मूळ माल, म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट, कधी भलत्याच साध्या नावाने चढतो. उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये तो आपोआप विघटित होऊन पेट घेऊ शकतो. लाकडी कोळसा, बॅटऱ्या यांचीही तीच कथा. जहाजांवरच्या कित्येक आगी अशा खोट्या जाहीरनाम्यांपाशी जाऊन पोचतात. चार पैसे वाचवणारा माणूस हजारो मैल दूर असतो. जळतो तो खलाशी, किंवा आमचा माथाडी.

जहाजाच्या फाळक्याची गोष्टही याच जातीची. कोळसा, लोखंडी भंगार, लाकडाचे ओंडके हे बंद फाळक्यात हवेतला प्राणवायू हळूहळू खाऊन टाकतात. वास नाही, रंग नाही. हवेत साधारण २१ टक्के प्राणवायू असतो, तो दहाच्या खाली गेला की माणूस शिडीवरच कोसळतो. वरचा मित्र ते बघतो आणि काही विचार न करता त्याला आणायला खाली उतरतो. मग तिसरा. बंद जागेतल्या अपघातांत वाचवायला गेलेलेच अनेकदा जास्त मरतात. मी प्रशिक्षणात हे सांगायचो तेव्हा माणसं मान हलवायची, आणि नंतर एक जण हमखास म्हणायचा, “पण साहेब, भाऊ पडला तर वर उभं राहून बघत बसायचं का?” त्याचा प्रश्न बरोबर होता. वर दोरी, श्वासासाठी हवेचं सिलिंडर आणि मीटर असेल तरच त्याला ‘उतरू नकोस’ म्हणायचा अधिकार मला होता. नुसत्या सूचना लावलेल्या भिंतीसमोर उभं राहून तो मला नव्हता.

माहिती न पोचण्याची ही साखळी गोदीच्या कुंपणापाशी संपत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं आदळली. ‘चित्रा’ कलंडलं, तीनेकशे कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेलं. मुंबई आणि न्हावा शेवा दोन्ही बंदरं काही दिवस ठप्प होती. त्या कंटेनरांपैकी काहींत कीटकनाशकं होती, आणि ॲल्युमिनियम फॉस्फाइडही, म्हणजे तुरीच्या कंटेनरमधली तीच भुकटी, पण टनांनी. ऐन पावसाळ्यात ते उरण, अलिबाग, घारापुरीच्या बाजूला वाहत होते. किनाऱ्याला लागलेल्या मालाला हात लावू नका, असं सांगितलं जात होतं. कोणत्या खोक्यात काय, हे मात्र कोळ्यांना कोण सांगणार? खाजणातल्या तिवरांच्या मुळांवर काळं तेल चिकटलं होतं. बाजारात मासळीला गिऱ्हाईक नव्हतं. आमच्याकडच्या कोळीवाड्यांनी बंदरासाठी आधीच बरंच गमावलंय. शेवा कोळीवाड्याची माणसं उठवून हनुमान कोळीवाड्यात वसवली आणि तिथे घरांना वाळवी लागली. त्यांना तो पावसाळा कसा गेला ते मी पाहिलंय.

२०२५ च्या मे महिन्यात केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं. ६४० कंटेनर, त्यांतल्या बारांत पुन्हा कॅल्शियम कार्बाइड. किनाऱ्यावर प्लॅस्टिकचे पांढरे मणी येऊन पडले. पंधरा दिवसांत ‘वान हाय ५०३’ पेटलं. ते कोलंबोहून आमच्याच बंदराकडे, न्हावा शेव्याकडे येत होतं. चार खलाशी बेपत्ता झाले.

गोव्यात मुरगाव बंदरात कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी उतरतो आणि त्याची काळी धूळ वास्कोतल्या घरांच्या खिडक्यांवर बसते. ‘गोंयांत कोळसो नाका’ ही घोषणा त्यातूनच आली. वास्कोतल्या आईला रोज फरशी पुसताना दिसणारी धूळ कुठल्या तरी मोजणीत मर्यादेच्या आत असते. तिच्या मुलाची छाती ती मोजणी वाचत नाही.

आता एक गोष्ट, जी कुठल्याच अहवालात मी वाचलेली नाही. शेडमध्ये झाडलोट करायला बायका असतात. आसपासच्या गावांतल्या, काही आदिवासी वाड्यांवरच्या. गोणी फाटते, तूर सांडते, वाटाणा सांडतो. संध्याकाळी त्या खाली बसून ते दाणे वेचतात, पदराच्या टोकात बांधतात आणि घरी नेतात. सांडलेलं अन्न पायदळी जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा संस्कार, आणि घरी चूल पेटवायची हीही गरज. त्याच फरशीवर आदल्या दिवशी कीटकनाशकाची पोती उतरलेली असू शकतात. फ्युमिगेशनची करडी भुकटी त्या उघड्या हातांनी सुपलीत भरतात. त्यांतल्या एका मावशींना मी समजावत होतो, की हे दाणे नेऊ नका, विषारी असू शकतात. त्या म्हणाल्या, “मंग दुकानात जाते ती हीच ना तूर? ती कशी चालते?” मी तिला धुणं, पाखडणं, मधले दिवस, तपासणी असं सांगत राहिलो. खरं तर त्या फरशीवर काल काय उतरलं होतं याची यादी तिच्या हातात देता आली असती, तर मला एवढं बोलावंच लागलं नसतं. तशी यादी नव्हती. त्यानंतर आम्ही विषारी मालाची शेड वेगळी करून घेतली. त्यासाठी जेवढं भांडावं लागलं, तेवढं नोकरीत दुसऱ्या कशासाठीही लागलं नाही.

कायदे नाहीत असं नाही. गोदी कामगारांच्या सुरक्षा, आरोग्य आणि कल्याणाचा कायदा १९८६ सालचा, त्याखालचे नियम १९९० चे. ते वाचले तर फाळक्याच्या शिडीपासून माल उचलायच्या स्लिंगच्या तपासणीपर्यंत सगळं त्यांत सापडतं. पुढे २०२० च्या नव्या संहितेत ते सामावले गेले. हमालीची, अंगमेहनतीची कामं करणाऱ्या कामगारांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्याचं ते फळ. धक्क्यावर निरीक्षक येतात, तिथे शिस्त आहे. पण कंटेनर धक्क्यावरून ट्रेलरवर चढून पाच-सात किलोमीटर आत आला की माणसं बदलतात. एका ठेकेदाराची टोळी जाते, दुसऱ्याची येते. बंदरात प्रशिक्षण घेतलेला माणूस कंटेनर उतरवतो आणि कालच गावाहून आलेला माणूस तो उघडतो. फुफ्फुसात गेलेल्या धुळीला आणि वायूला तर ठेका ठाऊक नसतो. ठेका संपल्यावर तो पोरगा मेढा किंवा ढेबेवाडीच्या बाजूला परत गेला आणि दहा वर्षांनी खोकू लागला, तर त्याने कोणत्या शेडमध्ये काय श्वासात घेतलं याची नोंद डॉक्टरला कुठे मिळणार?

त्या तुरीच्या प्रकारानंतर मी टोळीच्या मुकादमांना यूएनचे आकडे शिकवायला घेतले. धोकादायक मालावर चार आकडी क्रमांक असतो आणि तो जगभर सारखाच असतो. इंग्रजी वाचता आलं नाही तरी आकडे वाचता येतात. लसणाचा वास ओळखणाऱ्या त्या मुकादमाने खिशातल्या डायरीत लिहून घेतलं: १०१७ क्लोरीन, वारा जिकडून येतो त्या बाजूला पळायचं. १४०२ कार्बाइड, पाणी नाही. १९४२ नायट्रेट, आगीपासून लांब. ३३५९ औषध मारलेला, दोन्ही दारं उघडून थांबायचं. पलीकडच्या पानावर उचल दिलेल्या पोरांची नावं होती. महिन्याभरात तो मलाच विचारायला येऊ लागला, की साहेब, ह्यो नंबर नवाय, ह्येचं काय? एकदा त्याने कागद दाखवल्याशिवाय सील कापायला सरळ नकार दिला. ट्रेलरवाला ओरडला, ठेकेदाराचा माणूस ओरडला, मलाही फोन आले. कागद आला तेव्हा माल साधाच होता, प्लॅस्टिकचे दाणे. तरीही त्याचं बरोबर होतं, आणि हे मी सगळ्यांसमोर सांगितलं.

मला जे हवंय ते फार महाग नाही. कंटेनर उघडायच्या जागी, दाराशेजारी, मराठीत आणि हिंदीत एक पान: आत काय आहे, औषध मारलंय का, कधी मारलंय, अंगावर आलं तर काय करायचं, पाणी मारायचं की नाही. त्याची एक प्रत मुकादमाच्या हातात. ते पान नसेल तर सील कापायचं नाही, आणि त्या थांबण्याची मजुरी कापायची नाही. वर्षाहून जास्त पडून राहिलेल्या प्रत्येक कंटेनरची उघडून तपासणी. ठेका कुणाचाही असो, कामगाराची आरोग्य नोंद त्याच्याच नावाने, त्याच्यासोबत जाणारी. आणि प्रत्येक यार्डाने रोज संध्याकाळी, आपल्या कुंपणाच्या आत कोणता धोकादायक माल कोणत्या रांगेत उभा आहे, याची यादी जवळच्या अग्निशमन केंद्राला पाठवायची. ही सगळी माहिती आज प्रत्येक यार्डाच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. फक्त रात्री अडीच वाजता फोन उचलून बंब काढणाऱ्या माणसाकडे ती नाही.